न पेटणारा गॅसचा बंब

[नभोवाणीवर केलेलें भाषण]



पौषांतील सकाळ आहे. खांद्यावर पंचा टाकून आपण न्हाणीघरांत उभे आहों. नळ सोडलेला आहे आणि दृष्टि भिंतीवरील पांढऱ्या पेटीकडे लागलेली आहे. पेटींतून नुसती टक् टक् टक् ऐकूं येते. किंवा तेवढीहि नाहीं. पाणी येतें तें बर्फासारखें. बाहेरून कोणी तरी विचारतें, "अजून किती वेळ?" आणि आंतून उत्तर जातें, "बंब पेटत नाहीं!" शहरांतील पुष्कळ घरांना हा प्रसंग परिचित असेल. त्या पेटीला आपण गीझर म्हणतों. मी जुन्या वळणाचा मनुष्य असल्यामुळें तिला गॅसचा बंबच म्हणणार आहें. हा बंब कां पेटत नाहीं, याचें निदान घरच्या घरीं कसें करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे निदान करतांना कोठें थांबावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आमच्या लहानपणीं घरोघर तांब्याचा बंब असे. मध्यें नळकांडें, भोंवतीं पाणी, खालीं जाळी. नळकांड्यांत गोवरीचा तुकडा आणि लाकडाच्या ढलप्या टाकल्या कीं काम सुरू. तो पेटत नसला तर कारण डोळ्यांना दिसे. ढलपी ओली असे, नाहीं तर जाळींत राख साचलेली असे. राख काढावी, फुंकणीनें चार वेळां फुंकावें, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून कुरकुरावें, इतकेंच. आतां विस्तव पेटींत बंद झाला आहे. जें दिसत नाहीं त्याचें निदान तर्कानें आणि कानानें करावें लागतें. कानानें असें मी मुद्दाम म्हणतों. कारण ह्या बंबाचे बहुतेक रोग आवाजावरून ओळखतां येतात.

प्रथम तो पेटतो कसा हें पाहूं. बंब पेटण्यास चार जणांची संमति लागते, आणि ती ठराविक क्रमानेंच मिळावी लागते.

पहिली संमति पाण्याची. नळ सोडला कीं पाणी बंबांत शिरतें. तेथें एक रबरी पडदा ताणून बसविलेला असतो. वाहत्या पाण्याच्या दाबानें तो एका बाजूस फुगतो, त्यास लागून असलेली दांडी सरकते आणि एक लहानसें बटण दाबलें जातें. पाणी वाहत नसेल तर पडदा हलत नाहीं, आणि पडदा हलला नाहीं तर पुढचें कांहींच घडत नाहीं. ही योजना मोठ्या विचाराची आहे. पाण्याविना ज्योत पेटली तर आंतील तांब्याची नळी जळून जाईल.

दुसरी संमति विजेची. बटण दाबलें जातांच पेटीखालच्या खणांतील दोन सेल कामास लागतात. प्रत्येकाचा दाब दीड व्होल्ट, दोहोंचा मिळून तीन व्होल्ट. तेवढ्याशा विजेपासून आंतील मंडळ मोठा दाब निर्माण करून ठिणग्या पाडतें. आपण ऐकतों ती टक् टक् ह्या ठिणग्यांची.

तिसरी संमति गॅसची. त्याच क्षणीं त्याच सेलांच्या विजेनें एक लोहचुंबकी झडप उघडते आणि गॅस जाळीकडे धांवतो.

चौथी संमति ज्योतीची स्वतःची. आणि हीच सर्वांत नवलाची. ज्योत ही वीज वाहून नेऊं शकते. जळतांना वायूचे कण विद्युत्भारित होतात आणि त्यांच्यामधून अत्यल्प, एका अँपियरच्या कांहीं दशलक्षांश इतकाच, प्रवाह जातो. जाळीजवळ एक लहानशी कांडी उभी असते. ती ह्या प्रवाहाची चाहूल घेते. चाहूल लागली तर झडप उघडी राहते. कांहीं सेकंदांत ती लागली नाहीं, तर गॅस आला पण पेटला नाहीं असें समजून झडप मिटते. ही कांडी म्हणजे ज्योतीचा साक्षीदारच होय. तिची साक्ष मिळाली नाहीं तर न पेटलेला गॅस घरांत सोडला जात नाहीं.

हे चार टप्पे ध्यानांत राहिले कीं निदान सोपें होतें. नळ सोडावा आणि कान द्यावा.

नळ सोडूनहि बंब अगदीं मुका राहिला, तर दोष गॅसचा नव्हे, हें निश्चित समजावें. सिलिंडर बदलण्याची धांवपळ येथें व्यर्थ आहे. दोष पाण्याचा किंवा सेलांचा. सेल बदलणें सोपें, म्हणून तें आधीं करावें. परंतु दोन्ही सेल एकदमच बदलावे. एक नवा आणि एक जुना अशी काटकसर करूं नये. विजेरींत घातल्यावर उजेड पडतो, म्हणून सेल चांगला, ही समजूतहि चुकीची आहे. विजेरीचा दिवा दुबळ्या सेलावरहि मिणमिणतो; बंबास मात्र ठिणगी पाडणें आणि झडप उचलणें हीं दोन कामें एकाच वेळीं करावयाची असतात. शिवाय न्हाणीघरांतील ओलाव्यानें खणांतील पितळी पट्ट्यांवर पांढरट-हिरवट बुरा चढतो. तो कोरड्या फडक्यानें किंवा बारीक कांचकागदानें काढावा.

सेल चांगले असूनहि बंब मुकाच असेल, तर पाण्याची परीक्षा घ्यावी. दहा लिटरची बादली बंबाच्या नळाखालीं ठेवून घड्याळ पाहावें. ती भरण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर मिनिटाला अडीच लिटरहि पाणी येत नाहीं असा अर्थ झाला. आणि इतक्या क्षीण धारेनें बहुतेक बंबांचा पडदा हलत नाहीं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची ही नित्याची तक्रार असते. त्यांचें कारण घरांत नसून गच्चीवर असतें. पाण्याच्या टाकीची उंची दहा मीटर असेल तर सुमारें एका वातावरणाइतका दाब मिळतो. टाकी डोक्यावर दोनच मीटर असेल तर त्याचा पांचवा हिस्सा. तळमजल्यावर जो बंब झटकन् पेटतो, तोच सर्वांत वरच्या मजल्यावर रुसून बसतो. पाणी पूर्वीं पुरेसें येत असे आणि आतां येत नाहीं असें असेल, तर पाणी शिरतें त्या तोंडाशीं बसविलेली बारीक जाळी पाहावी. मुख्य तोटी बंद करून जोड सोडवावा; टाकींतील वाळू आणि गंजाचे कण तेथें हमखास सांपडतात. विंधनविहिरीचें जड पाणी असेल तर फवाऱ्याच्या भोंकांतहि क्षार बसतो. फवारा रात्रभर शिरक्यांत, म्हणजे व्हिनेगरमध्यें, बुडवून ठेवला कीं तीं मोकळीं होतात.

आतां दुसरा प्रकार पाहूं. टक् टक् जोरांत चालू आहे, पण ज्योत नाहीं. येथें पाणी आणि सेल बहुधा निर्दोष असतात, गॅसकडे पाहावें. बंबाकडे जाणारी गॅसची तोटी कोणी बंद केली आहे काय, हें पाहण्यास लाजूं नये. पुष्कळ निदानें तेथेंच संपतात. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळींत हवा शिरलेली असते. ती निघून जाईपर्यंत एक-दोन प्रयत्न फुकट जाणारच. पण पंधरा-वीस वेळां नळ उघडझांप करीत बसूं नये. प्रत्येक प्रयत्नांत थोडा गॅस बाहेर पडतो, आणि सिलिंडरचा गॅस हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें तो वर न जातां फरशीवर साचतो. मग एखादी ठिणगी नीट पडली कीं भडका उडतो. तीन प्रयत्न झाले कीं तोटी बंद करावी, दार उघडावें आणि पांच मिनिटें थांबावें. गॅसचा वास येत असेल तर विजेचें बटणहि दाबूं नये; सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर यावें, आणि गॅसगळतीसाठीं असलेल्या १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें.

"स्वयंपाकघरांतली शेगडी तर छान पेटते, मग सिलिंडर संपला कसा?" असा प्रश्न येथें हमखास येतो. त्यास थोडें गणित हवें. बंबांतून मिनिटाला सहा लिटर पाणी वाहतें आणि तें २५ अंश तापतें असें धरूं. म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी, तासाला ९,००० किलोकॅलरी उष्णता पाण्यास मिळाली. एक किलो गॅस जळाला कीं सुमारें ११,००० किलोकॅलरी मिळतात, आणि त्यांतील पांचवा हिस्सा वायां जातो. म्हणजे हा बंब तासाला सुमारें एक किलो गॅस खातो. शेगडीचा एक चूल्हा त्याच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्यावर भागवितो. तेव्हां शेगडीस पुरणारा गॅस बंबास पुरेलच असें नाहीं.

थंडींत ही अडचण वाढते. सिलिंडरमध्यें प्रोपेन आणि ब्यूटेन यांचें द्रवरूप मिश्रण असतें. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर उकळतो. ब्यूटेन शून्याच्या अगदीं जवळ. साहजिकच प्रोपेन आधीं उडून जातो आणि तळाशीं उरलेल्या गॅसमध्यें आळशी ब्यूटेनचें प्रमाण वाढतें. द्रवाचा वायु होतांना तो स्वतःचीच उष्णता घेतो, म्हणून सिलिंडर गार पडतो, त्यास बाहेरून घाम सुटतो आणि दाब आणखी उतरतो. अशा वेळीं कोणी सिलिंडर आडवा करतात, कोणी त्याच्यावर कढत पाणी ओततात. दोन्ही गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजीं द्रवच नळींत शिरतो, आणि त्याचा वायु होतांना तो अडीचशें पटींच्या आसपास फुगतो. सिलिंडर बदलावा, हाच उपाय.

मुंबई-पुण्याकडे आतां नळानें गॅस येऊं लागला आहे. तो आल्यापासून बंब पेटेनासा झाला, अशी तक्रार असेल तर तींत बंबाचा दोष नाहीं. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन; त्याचा दाबहि कमी आणि सारख्याच आकारमानांत मिळणारी उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनहि कमी. त्यास मोठ्या भोंकाचीं तोंडें लागतात. सिलिंडरसाठीं घडविलेला बंब त्यावर चालणार नाहीं. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा. घरीं सुईनें भोंकें मोठीं करूं नयेत.

तिसरा प्रकार: ज्योत पेटते आणि पांच-सात सेकंदांत विझते. हा आपल्या साक्षीदार कांडीचा प्रकार आहे. तिच्यावर काजळी बसली किंवा ती वांकून ज्योतीबाहेर गेली, तर ज्योत असूनहि तिला ती जाणवत नाहीं. गॅस बंद करून, सेल काढून, बंब थंड झाल्यावर ती कांचकागदानें हलक्या हातानें पुसतां येते. परंतु काजळी पुसली कीं काम संपलें असें मानूं नये. काजळी आली कोठून, हा खरा प्रश्न आहे. निळी, स्थिर ज्योत काजळी धरीत नाहीं. पिवळी, लांबट ज्योत धरते. आणि पिवळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीं. कोठें तरी धूळ किंवा कोळ्याचें जाळें अडकलें आहे, नाहीं तर खोलींतच हवा अपुरी आहे.

येथून आपण चौथ्या प्रकाराकडे येतों. बंब नीट पेटतो, दहा मिनिटें चालतो, आणि अकस्मात् विझतो. कांहीं बंबांत ठराविक मिनिटांनंतर आपोआप बंद होण्याची योजना असते. कांहींत पाणी फार तापलें तर. आणि कांहींत खोलींतील प्राणवायु कमी झाला तर. ह्याविषयीं माझाच अनुभव सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन थंडींत आमचा बंब असा वागूं लागला. पहिल्याचें स्नान सुखरूप होई, दुसऱ्याच्या अंगावर मध्येंच गार पाणी येई. मी सेल बदलले, जाळी धुतली, कांडी पुसली; गुण नाहीं. अखेर दुरुस्तीसाठीं एका कारागिरास बोलाविलें. त्यानें झांकण काढून पाहिलें आणि सांगितलें, "मास्तर, ह्यांतला हवेचा सेन्सर फार नाजूक असतो. तो काढून दोन तारा जोडून देतों. पुन्हां कधीं बंद पडणार नाहीं." मला तें पटलें. खरें सांगतों, पटलें. मी होकार देणार, इतक्यांत आमच्या घरांतून प्रश्न आला, "दिवाळीपर्यंत हाच बंब नीट चालत होता ना? मग मध्यंतरीं बदललें काय?"

बदललें होतें तें मींच बदललें होतें. न्हाणीघराच्या झरोक्यांतून गार वारा येतो म्हणून मी त्याच्या कांचपट्ट्यांवर आंतून पुठ्ठा बसविला होता, आणि दाराखालच्या फटीशीं जुनें पोतेरें दाबून ठेवलें होतें. तें दोन्ही काढलें. दुसऱ्या दिवशीं बंब पूर्ववत् चालला. माझें आयुष्य शाळेंत गेलें आहे. उत्तर न देणाऱ्या मुलास ठोंब्या ठरविण्याची घाई मास्तरास फार असते. मागाहून कळतें कीं प्रश्नच चुकीचा घातला होता. त्या दिवशीं मला तसेंच वाटलें. बंब बिघडला नव्हता. तो मला आठवडाभर एकच गोष्ट सांगत होता, आणि मी त्याचें तोंड बंद करण्याच्या बेतांत होतों.

ही गोष्ट किती गंभीर होती, हें नंतर मी कागदावर मांडून पाहिलें. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारें १३ घनमीटर, म्हणजे ४६० घनफूट हवा लागते. पांच फूट बाय सहा फूट, नऊ फूट उंच अशा न्हाणीघरांत २७० घनफूट हवा मावते. तासाला एक किलो खाणारा बंब तेवढी हवा सुमारें ३५ मिनिटांत संपवील. पण संकट येण्यास ३५ मिनिटें लागत नाहींत. हवेंतील प्राणवायु थोडासा उतरला कीं ज्वलन अपुरें होऊं लागतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, तोहि ज्योतींत जळून गेलेला असतो. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यावर बसून प्राणवायु शरीरभर फिरतो, त्या हिमोग्लोबिनास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटके पडतात. मनुष्यास दार उघडावेंसें वाटतें, आणि कडीपर्यंत हात पोंचत नाहीं. दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत ज्या वार्ता येतात, त्या ह्याच कारणाच्या.

हें संकट बंबाइतकेंच जुनें आहे. लंडनमध्यें बेंजामिन वॉडी मॉन नांवाच्या एका रंगकामाच्या कारागिरानें १८६८ सालीं गॅसवर झटपट पाणी तापविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. आइसलँडमधील एका प्रसिद्ध उष्ण कारंज्याच्या नांवावरून अशा यंत्रास गीझर हें नांव मिळालें. त्याच्या यंत्रांत धूर बाहेर नेण्यास धुराडें नव्हतें. जळलेला वायु न्हाणीघरांतच राही. इतक्या वर्षांत यंत्र पुष्कळ शहाणें झालें. परंतु आजहि लहान बंबांचा जळलेला वायु खोलींतच सुटतो, आणि खोली बंद करणारा मनुष्य तोच आहे.

तेव्हां थोडक्यांत नियम सांगतों. बंब न्हाणीघरांत टांगूंच नये. उघड्या सज्जांत किंवा वाऱ्याच्या जागीं बाहेर लावावा आणि तेथून गरम पाण्याची नळी तेवढी आंत आणावी. तें होईपर्यंत दार उघडें ठेवून बादली भरावी, बंब बंद करावा आणि मग स्नानास बसावें. एका पाठोपाठ एक अशीं स्नानें उरकतांना मध्यें दहा मिनिटें दार-खिडकी उघडी ठेवावी. हवेस वर आणि खालीं दोन वाटा असाव्या. थंडी वाजते म्हणून त्या बुजवूं नयेत. आंतल्या माणसास अधूनमधून हांक मारावी. उत्तर आलें नाहीं तर लाज-संकोच न धरतां दार उघडावें, त्यास मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा आणि तत्काळ रुग्णालय गांठावें. थोडा वेळ पडून राहिलें कीं बरें वाटेल, अशा भरंवशावर राहूं नये.

आणि निदानाच्या मर्यादेविषयीं एवढेंच. सेल, जाळी, फवारा, तोटी, कांडीवरची काजळी, हीं घरच्या माणसाचीं कामें. रेग्युलेटर, गॅसची झडप, नळीचे जोड, आंतलें मंडळ, हीं जाणकाराचीं. पण पडदा, कांडी किंवा प्राणवायूचा सेन्सर यांस वगळून तारा परस्पर जोडण्याचें काम कोणाचेंच नव्हे, जाणकाराचेंहि नव्हे. असें करून देतों म्हणणाऱ्यास नम्रपणें चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

न पेटणारा बंब आपली सकाळ खराब करतो, हें खरें. परंतु त्याच्या प्रत्येक नकारामागें कांहीं तरी कारण असतें, आणि बहुतेक वेळां तें आपल्याच हिताचें असतें. उद्यां सकाळीं तो पेटला नाहीं तर रागावण्यापूर्वीं क्षणभर कान द्या, आणि मग एकदां झरोक्याकडे पाहा.